मल्लूला नवीन गावी नेलं तेव्हा

"थांबा, बाई. आधी सांगा, केवढं लेकरू असंल ते?"

आवाज खड्ड्याच्या काठावरून आला. आमचा दिग्दर्शक नचिकेत याने कपाळावर हात मारला आणि "कट" म्हणून ओरडला. माझं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

मी खड्ड्यात गुडघे टेकून बसले होते. समोर मातीची दोन मडकी आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून ठेवलेली. तीन हजार वर्षांपूर्वी या भागातली माणसं दगावलेलं लहान मूल अशा जोडमडक्यात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरत. मडकी फुटली होती, आत गच्च माती बसली होती, आणि त्या मातीत पेन्सिलीएवढ्या जाडीची हाडं दिसत होती. ती खोदून काढली होती उत्खननाचे प्रमुख सरदेशमुख यांच्या विद्यार्थ्यांनी. मी सकाळी गाडीतून उतरले होते, चेहऱ्यावर पावडर लावून घेतली होती, आणि कॅमेऱ्याकडे बघून ती हाडं महाराष्ट्राला समजावून सांगत होते.

वर बघितलं. साठीची एक बाई उभी होती. उंच, वाळलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे. हिरवं इरकल नेसलेलं. ज्या टेकाडावर आमचं उत्खनन चाललं होतं ते तिचंच शेत. निंगव्वा हत्तुरे तिचं नाव. पहिल्या दिवसापासून ती काठावर येऊन बसायची आणि न बोलता बघत राहायची, एवढंच मी ऐकलं होतं.

"वर्षाच्या आतलं असावं," मी म्हणाले.

"मुलगा का मुलगी?"

"इतक्या लहानपणी हाडांवरून कळत नाही."

तिने मान हलवली आणि पदर नीट करून पुन्हा खाली बसली. नचिकेतने मला खूण केली. मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाले, "तीन हजार वर्षांपूर्वी एका आईने..."

तेव्हा 'मातीच्या पोटात' या आमच्या कार्यक्रमाचं चौथं वर्ष चालू होतं. दर रविवारी सकाळी लोक चहा पिता पिता मला बघायचे. भाजी घेताना बायका ओळखायच्या. पुण्यातले माझे जुने सहकारी मात्र भेटले की हसून विचारायचे, "काय वैजयंतीबाई, सध्या कुठल्या मातीत लोळताय?" त्या हसण्यातला खवचटपणा मला कळायचा. बारा वर्षं मी स्वतः खोदलं होतं. मग एकदा एका वाहिनीच्या लोकांना कोणीतरी माझं व्याख्यान ऐकवलं, आणि हळूहळू माझं खोदणं सुटलं. आता दुसरे खोदायचे आणि मी बोट दाखवायची. चांगलं बोट दाखवायची, हेही खरं.

कोळेगाव हे त्या गावाचं नाव. हरणाई नदीवर धरण बांधून झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात गाव, शेतं आणि टेकाड सगळंच पाण्याखाली जाणार होतं, म्हणून सरदेशमुख जीव तोडून खोदत होते आणि आम्ही घाईघाईने चित्रीकरण करत होतो. गावातली निम्मी घरं आधीच उतरवलेली. दारं, चौकटी, पत्रे ट्रॅक्टरवर लादून माणसं माळावरच्या नवीन वसाहतीत चालली होती. मारुती हलला होता, बसवेश्वराचं देऊळ दगड दगड सुटं करून नेलं होतं.

दुपारी मी तंबूत जेवत होते तेव्हा निंगव्वा आली. आत यायला सांगितलं तरी दाराशीच बसली.

"बाई, तुम्ही हे हाताने काढता, त्या बारीक ब्रशनं. एक हाडूक मोडू देत न्हाईत. मी बघायलाव रोज."

"ते काम सरदेशमुख सरांची मुलं करतात. मी फक्त सांगते."

"तुम्हाला येतंय का न्हाई?"

"येतं की."

"मग माझं एक काढून द्याल?"

मला आधी कळलंच नाही. वाटलं, शेतात काही सापडलं असेल, एखादं नाणं, एखादी मूर्ती. ती म्हणाली, "माझा धाकटा. मल्लिनाथ. आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. नदीच्या अंगाला आमची रुद्रभूमी हाय. ती बी बुडणार. बाकीची माणसं मूठभर माती नेत्यात तिथली आणि म्हणत्यात, झालं, आलं आमचं माणूस. मला माती नको. मला तो पाहिजे."

"घरातलं कोणी..."

"भावकीतली पोरं म्हणत्यात, आम्ही काढून देतो. कुदळ, फावडं घिऊन." ती थांबली. "माझ्या लेकरावर कुदळ नको, बाई."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

तहसीलमधून गावाला तशी परवानगी होती, हे मी सरपंचांकडून खात्री करून घेतलं. जंगमस्वामींची हरकत नव्हती; दुसऱ्या दिवशी सकाळी विधी करून ते उभे राहणार होते. सरदेशमुख म्हणाले, "हे आपलं काम नाही, वैजयंती. पण तुला करायचं असेल तर सामान घेऊन जा." मग म्हणाले, "हाताची सवय गेली नाही ना?" मलाच ते माहीत नव्हतं.

निंगव्वाला मी जाऊन सांगितलं की उद्या सकाळी येते. आणि वर हेही सांगितलं, "काळजी करू नका. कॅमेरा आणणार नाही. हे तुमच्या घरातलं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटलं असावं.

सकाळी रुद्रभूमीवर पोचले तर तिथे स्वामी होते, भावकीतले तिघेचौघे होते, आणि एका बाजूला कॅमेरा खांद्यावर घेऊन आमचा कॅमेरामन इकबाल उभा होता. त्याच्या मागे नचिकेत.

माझा संताप झाला. "नचिकेत, मी तुला स्पष्ट सांगितलं होतं."

"मी नाही आलो, मॅडम. बोलावलंय."

"कोणी?"

"मी," निंगव्वा म्हणाली.

मी तिला बाजूला घेतलं. समजावून सांगायला लागले की हे टीव्हीवर गेलं की लाखो लोक बघणार, हॉटेलात बसून, भजी खात खात बघणार, तुमच्या मुलाची हाडं अशी कोणाच्याही डोळ्यांपुढे कशाला. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "कालचं लेकरू दाखवलंत न्हवं? त्याच्या आईला विचारलं होतं का तुम्ही?"

मी सामानाची पिशवी खाली ठेवली.

"माझी मी सांगते, दाखवा. त्याची हाडं न्हाई दाखवली तरी चालंल. मला दाखवा. मला बोलायचं हाय त्याच्यात."

"कोणाशी?"

"बोलंन तवा ऐका."

नचिकेत मागून पुटपुटला, "मॅडम, हा आपल्या मालिकेतला सर्वांत मोठा भाग होईल." त्याचे डोळे चमकत होते. वाईट माणूस नव्हता तो, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. इकबाल मात्र काही न बोलता कॅमेरा घेऊन निंगव्वाच्या बाजूला गेला, खोदायच्या जागेकडे पाठ करून. "मी फक्त आजींचा चेहरा घेतो, ताई," तो म्हणाला. "आत बघणार नाही."

स्वामींनी मंत्र म्हटले, बेल वाहिला, पाणी शिंपडलं. मी चपला काढून खाली बसले आणि थापी हातात घेतली.

हात विसरत नाहीत. पहिल्या काही थरांतच बोटांना कळलं की इथली माती एकदा उकरून परत भरलेली आहे. ती पोकळ असते, वेगळ्या रंगाची असते, थापीखाली भुसभुशीत वाजते. मी कडेने उतरत गेले. ऊन चढत होतं. भावकीतली माणसं आधी कुजबुजत होती, मग गप्प झाली. लिंगायतांमध्ये मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, तेव्हा आधी डोकं लागणार हे मला ठाऊक होतं. तरी पांढऱ्या विभूतीचा थर दिसला आणि माझा हात थांबला. आजवर मी ज्यांना ज्यांना मातीतून काढलं होतं, त्यांच्यापैकी एकाचीही आई माझ्यामागे बसलेली नव्हती.

"आलं का?" निंगव्वाने विचारलं.

"जवळ आलंय."

थापी ठेवून ब्रश घेतला. कवटी लहान होती, एका बाजूला कललेली, झोप लागलेल्या मुलाची मान कलते तशी. कमरेपाशी चांदीचा पातळ करगोटा काळा पडून मातीला चिकटला होता. डाव्या हाताच्या बोटांच्या हाडांमध्ये सुपारीएवढं इष्टलिंग तसंच होतं. स्वामींनी ते बघून हात जोडले.

निंगव्वा खड्ड्याच्या काठावर पालथी झोपली आणि वाकून बघू लागली. मी तिला अडवलं नाही. तिने बोट लांब करून दाखवलं, "त्यो दात बघा."

पुढचा एक दात तिरका तुटलेला होता.

"आडाच्या काठावर पडला होता," ती म्हणाली. "नवीन आलेला दात. मी लई मारलं होतं त्या दिवशी. म्हटलं, आता जलमभर तुटक्या दाताचा दिसणार तू." ती हसल्यासारखी झाली. मग तिने कपाळ मातीला टेकलं आणि बराच वेळ तशीच पडून राहिली. रडण्याचा आवाज आला नाही. फक्त पाठ हलत होती.

एक एक हाड काढून मी नव्या पांढऱ्या कापडावर ठेवत गेले. पायांची बोटं, मनगटाचे लहान लहान खडे, सगळं. एक राहिलंय असं वाटलं म्हणून मी तळाची माती पुन्हा चाळून घेतली. सापडलं ते. कोणी घाई केली नाही, नचिकेतनेही नाही. कापडाची घडी घालून मी ते गाठोडं निंगव्वाच्या मांडीवर दिलं. केवढंसं होतं ते. तिने ते छातीशी धरलं आणि इकबालकडे वळली.

"आता चालू कर."

"चालूच आहे, आजी."

ती कॅमेऱ्याच्या काचेत बघत नव्हती. कुठे बघायचं ते तिला कळत नव्हतं. इकबालने बोटाने काच दाखवली. मग ती थेट बघून बोलली. ते शब्द मी पुढे संकलनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकले की अजून तसेच्या तसे पाठ आहेत.

"शिवशरण. मी तुझी अव्वा. कोळेगावची. गाव बुडायलंय, बाळा. तू आलास तर तुला पाणी दिसंल नुसतं, म्हणून सांगते. आम्ही माळावर गेलोय, डांबरी रस्त्याच्या वर, नवं कोळेगाव म्हणत्यात. पाण्याच्या टाकीच्या मागं रुद्रभूमी हाय, उगवतीच्या कोपऱ्याला मल्लू आसंल. हे बघ, न्यायलाव त्याला. आण्णा वारला. घरात मी एकटी हाय." ती थांबली. गाठोड्यावरचा हात घट्ट झाला. "डोहावर तू त्याला सोडून गेलतास खेळायला. तू बी पोरगंच होतास. मी तुला म्हणाले, त्याच्याजागी तू का बुडाला न्हाईस. सगळ्या गावादेखत म्हणाले. आईनं म्हणायचं न्हवतं. ते बोलणं मी हितंच ठिवून चाललेय. गावासंगं बुडू दे. तू मातुर ये."

भावकीतला एक म्हातारा तोंड फिरवून उभा राहिला. नंतर त्याच्याकडूनच कळलं. मल्लूला पुरलं त्याच संध्याकाळी पंधरा वर्षांचा शिवशरण घरातून निघून गेला होता. वीस-बावीस वर्षं झाली. सोलापुरात शोधला, गुलबर्ग्यात शोधला. तिच्या नवऱ्याने, शिवशरणच्या आण्णाने, मरेपर्यंत तिला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. ती स्वतः काही मरायला टेकलेली नव्हती, पण गाव बुडणार म्हटल्यावर तिला एकच घोर लागला होता: पोरगं कधीतरी परत आलं तर कोणाच्या दारात येईल?

मुंबईला वाहिनीच्या कचेरीत तो भाग बघितला गेला आणि वरच्या साहेबांनी मला बोलावलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण हे जाणार नाही."

"हाडं एकाही दृश्यात नाहीत. फक्त त्या बाई आहेत."

"प्रश्न हाडांचा नाही. आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे. लोकांना ताम्रपाषाणयुग बघायचंय. धरणग्रस्तांचं रडगाणं बातम्यांत चालतं."

"त्या रडलेल्या नाहीत. पत्ता सांगितलाय त्यांनी."

"वैजयंतीताई, आपण हरवलेल्या माणसांचा विभाग चालवतो का?"

मी म्हणाले, "त्या भागाला माझा आवाज अजून द्यायचा आहे. हे त्यात असेल तर मी देते."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "आणि नसेल तर?"

"नसेल तर दुसरं कोणीतरी बघा."

मी धीट बाई नव्हे. नोकरी सोडून चार वर्षं झाली होती, आणि विद्यापीठात परत घेतील याची खात्री नव्हती. घरी कोणाला काही न सांगता मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी नचिकेतचा फोन आला. तो साहेबांशी भांडला होता, हे मला नंतर इकबालकडून कळलं; नचिकेत स्वतः एवढंच म्हणाला, "शेवटी घालायला तयार झालेत. दीड मिनिट. या आवाज द्यायला."

रविवारी तो भाग लागला. आधी जोडमडकी, ते तीन हजार वर्षांपूर्वीचं तान्हं मूल, मी, माझं बोट. मग निंगव्वा. तिचं बोलणं मध्ये कुठेही कापलेलं नव्हतं. त्यावर मी एकही शब्द बोलले नव्हते. पुढच्या वर्षी वाहिनीने माझ्याशी करार केला नाही. माझ्या जागी एक देखणा नट आला. तो चांगला बोलायचा, मी बघायची कधी कधी. मी सरदेशमुखांकडे गेले, आणि त्यांनी मला विदर्भातल्या एका उत्खननात विद्यार्थ्यांच्या बरोबरीने खड्ड्यात उतरवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी खड्ड्यातून वर आले नाही.

कोळेगावला मी पुन्हा गेले ती दोन पावसाळ्यांनंतर, त्या बाजूला दुसऱ्याच कामासाठी गेले होते तेव्हा. रस्त्यावरून पाणी दिसलं. लांबच लांब, सपाट, ऊन पडलेलं. आपलं टेकाड कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, पण खुणेला काहीच उरलं नव्हतं. नवीन वसाहतीत सिमेंटची सारखी घरं, सारखे दरवाजे. निंगव्वाचं घर विचारत गेले.

ती दारात ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. थकली होती, पण डोळे तसेच. प्रश्न माझ्या ओठांवर होता, पण विचारायचा धीर होईना. कार्यक्रमानंतर वाहिनीकडे पुष्कळ फोन आले होते, हरवलेल्या माणसांच्या आयांचेच जास्त. शिवशरणचा एकही नव्हता.

तिने चहा टाकला. चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "आलता."

"कधी?"

"पारसाल सुगीत. वापीला असतो. रंगाच्या कारखान्यात. त्यानं न्हाई बघितलं टीव्हीत. त्याच्या शेजारच्या खोलीत लातूरकडची माणसं राहत्यात, तिथं सूनबाईनं बघितलं. तिला आमची बोली येत न्हाई. घरी येऊन म्हणाली म्हणं, एक म्हातारी तुमचं नाव घिऊन बोलायली होती."

"मग लगेच आला?"

"लगेच कशाचा. आठ महिने विचार करत होता."

तिने चहा गाळला आणि कप माझ्यापुढे ठेवला. स्वतः खाली बसली.

"स्टँडवरून चालत आला. मी ओळखलं न्हाई आधी. पोट सुटलंय, केस गेलेत. सरळ टाकीमागं गेला, मल्लूपाशी. मी बी गेले मागनं, पण लांब उभी राहिले. लई वेळ बसला. मग उठून घरी आला, हात-पाय धुतले, पाटावर बसला. मी वाढलं."

"काही बोलला?"

"मी बोलले. म्हटलं, बाळा, त्या दिवशी मी बोलले ते माझं चुकलं. इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं म्हटलं. त्यो खाली मान घालून जेवतोय. माझं झालं. घास गिळला त्यानं, आणि म्हणाला, अव्वा, आमटीत मीठ कमी पडलंय."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मग?"

"मग काय," निंगव्वा म्हणाली, "मीठ वाढलं."